घशातलं आमेन

कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर घेण्याची वेळ झाली, गायनमंडळानं सूर धरला, बाकाबाकातून माणसं उठून रांगेत लागली, आणि पहिल्या बाकावरच्या मोठ्या बाई जागच्या हलल्या नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? बसल्या असतील, गुडघे दुखत असतील. पण त्या चर्चमध्ये गुडघे दुखणारी माणसंसुद्धा काठी टेकत, सुनेचा खांदा धरत वेदीपर्यंत जायची. जो बसून राहिला त्याच्या मनावर काहीतरी मोठं पाप आहे आणि ते अजून फादरांच्या कानावर घातलेलं नाही, असा सगळ्यांचा सरळ समज होता. एखादी तरुण मुलगी बसून राहिली तर तिच्या आईला जेवण जायचं नाही. एखादा नवरा बसून राहिला तर बायको घरी पोचेपर्यंत दम धरायची, आणि मग धरायची नाही.

आणि आज बसलं होतं कोण? वेदीवरचे शुभ्र रुमाल स्वतःच्या हातानं धुणाऱ्या, आजाऱ्यांच्या घरी पवित्र भाकर नेणाऱ्या, जुन्या कपड्यांचे ढीग निवडून त्यातली बटणं तुटलेली परत पाठवणाऱ्या मोठ्या बाई. "गरिबाला बटण लागत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" असं त्या भल्याभल्यांना तोंडावर विचारायच्या. गायनमंडळातल्या पोरी त्यांना पाठीमागे मदर सुपीरियर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

त्यांच्या बाकावरच्या बाया त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर पडल्या. प्रत्येकीनं जाताना वर बघायचं टाळलं, आणि प्रत्येकीनं टाळल्याचं बाईंना दिसलं. त्या डोळे मिटून बसल्या. लोकांना वाटलं, पश्चात्ताप.

पश्चात्ताप कसला, त्या घाबरल्या होत्या.

गेल्या रविवारी पवित्र भाकर त्यांच्या घशातून उतरली नव्हती. बटणाएवढी ती, कागदासारखी पातळ. आयुष्यभर ती जिभेवर ठेवली की जागेवर पोचेपर्यंत कळायचीही नाही. त्या दिवशी मात्र गळ्यातल्या क्रूसाच्या मागे कुठेतरी येऊन थांबली. पुढे जाईना. मग आतून ठसका उसळला. बाईंनी दोन्ही ओठ दातात धरले, तोंडावर तळहात दाबला आणि मारियेच्या पुतळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, किती भक्ती." इकडे बाईंच्या मनात एकच चालू होतं: बाहेर येऊ नको. देवा, बाहेर येऊ नको. सगळ्यांच्या देखत, फरशीवर, मी तुला ओकून टाकणार नाही. मेले तरी चालेल.

विरघळली शेवटी. पण त्या दिवसापासून भीतीनं त्यांच्या घरात बिऱ्हाड केलं.

आणि भीती एकटी आली नव्हती. त्यांच्या थोरल्या बहिणीला हेच झालं होतं. आधी पाव अडकायला लागला. मग भाजी. मग सूप गाळून द्यावं लागलं, मग चमच्यानं पाणी, आणि मग पाणीही नाही. उशाशी बसून सगळं करणाऱ्या याच होत्या. पुढेही किती जणांच्या उशाशी बसल्या, किती जणांचे हात हातात घेतले. दुखणं कोणत्या वळणावरून कुठे जातं हे त्यांना घरच्या गल्लीसारखं पाठ होतं. त्यांचा पाव उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून अडकत होता. आता भाजीची पाळी होती.

कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होणार, असं त्यांना वाटे. पाव दुधात बुडवून खायच्या आणि म्हणायच्या, दातांची कटकट हो, दुसरं काही नाही.

मिस्सा, रविवारची उपासना, संपली. दारातच गायनाच्या बाईंनी गाठलं. गायनाच्या बाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख. आवाज गोड, आणि त्या गोडव्यात सुई लपवायची हातोटी.

"मोठ्या बाई, बरं नाही का?"

"बरं आहे की. मला काय धाड भरलीय?"

"नाही, बसून होतात म्हणून आपलं."

"चहा प्यायले येताना," बाई म्हणाल्या. कम्युनियनच्या आधी तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हा नियम सगळ्या चर्चला यांनीच डोळे वटारून शिकवला होता.

"तुम्ही?" गायनाच्या बाईंच्या भुवया पार पदराला जाऊन भिडल्या. "चहा?"

"विसरले. म्हातारी झाले ना."

एक रविवार चहावर निभावला. पुढच्या रविवारीही बाई बसूनच राहिल्या तेव्हा चहाचं कुणी विचारलं नाही. कुणीच काही विचारलं नाही, आणि हे जास्त वाईट होतं.

घरी त्यांचा मुलगा, सून आणि एक मांजर. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या दुनियेला वरखाली करणारा हा माणूस आईसमोर मात्र मधल्या मजल्यावर अडकायचा. त्या दिवशी जेवताना त्यानं बराच वेळ मीठ शोधलं. मीठ समोरच होतं.

"आई," शेवटी म्हणाला, "तुझं कुणाशी काही... म्हणजे भांडणबिंडण?"

"माझं सगळ्यांशीच असतं. तुला कुठलं हवंय?"

"नाही, तसं नाही गं." आणि तो पंख्याकडे बघायला लागला.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाच्या तोंडाकडे निरखून बघण्याचाच तिला पगार मिळायचा. भांडी झाल्यावर ती हात पुसत सासूच्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली.

"आई, माझ्यामुळे आहे का?"

"काय तुझ्यामुळे?"

"तुम्ही जात नाही ते. ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी आधी समेट करा, मगच वेदीपाशी या, असं तुम्हीच सांगता ना." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमच्या लग्नातला तो पांढरा टेबलक्लॉथ... मांजरानं नाही फाडला. मी इस्त्रीनं जाळला. मग जळका भाग कापला आणि मांजराचं नाव घेतलं."

बाई दोन वर्षं त्या मांजराशी धड बोलल्या नव्हत्या.

"अगं, त्याचा काय संबंध!"

"मग कशाचा आहे?"

इथे सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सुनेचे डोळे इतके जवळ होते, इतके नीट बघणारे, की बाईंना वाटलं आत्ता हिला कळेल, आणि कळलं की पुढचं सगळं सुरू होईल: दवाखाना, नळी, गाळलेलं सूप.

"तू जाऊन झोप," त्या म्हणाल्या. "आणि त्या मांजराला थोडं दूध घाल."

गुरुवारी सकाळी मिस्सा झाल्यावर फादरांनी नेहमीप्रमाणे बाईंच्या सोनेरी डबीत पवित्र भाकरी मोजून घातल्या. आजारी माणसं जेवढी तेवढ्याच. फादर लगेच शिबिराला निघाले होते, बॅग दारात तयार होती. "शनिवारी येतो. चर्चकडे लक्ष असू द्या," म्हणाले. वेदीमागच्या पवित्र पेटीची किल्ली त्यांच्या खिशात वाजली.

डबी मखमली पिशवीत, पिशवी गळ्यात, वरून स्वेटर. डबी गळ्यात असताना बाई रस्त्यात कुणाशी बोलत नसत, हा त्यांचा जुना शिरस्ता. देवाला सोबत घेऊन निघाल्यावर भाजीच्या भावाची चर्चा करायची नाही. पहिल्या घरी पाय मोडलेली शिक्षिका होती, दुसऱ्या घरी तिची आंधळी मावशी. दोघींना दिली, दोघींबरोबर प्रार्थना केली. तिसरं घर म्हातारा बसड्रायव्हर, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. बाई जिना चढून गेल्या तर दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर आली. "पहाटे दवाखान्यात नेलं त्यांना. श्वास लागला होता."

"बरे होतील," बाई म्हणाल्या. ते वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं.

शेजारणीनं दार लावलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. डबीत एक उरली होती.

उरली तर काय करायचं ते साधं होतं. पवित्र पेटीत परत ठेवायची, नाहीतर आपणच घ्यायची. आजवर कितीदा तरी त्यांनी अशाच एखाद्या जिन्यात उभं राहून, क्रूसाची खूण करून उरलेली घेतली होती. आता पेटीची किल्ली गावाबाहेर गेली होती. आणि घ्यायची म्हटलं की घसा आधीच आवळून यायला लागला.

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पायऱ्यांवर सिगारेटची थोटकं होती, कोपऱ्यात कुणाची सायकल. इथे ठसका लागला तर? इथे, या धुळीत? त्यांनी डबी उघडलीसुद्धा नाही. पिशवीवर हात दाबून खाली उतरल्या आणि घरचा रस्ता धरला.

कोपऱ्यावर गायनाच्या बाई. "अहो मोठ्या बाई! थांबा की जरा!"

बाई थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत, मान खाली घालून सरळ पुढे गेल्या. मागे गायनाच्या बाईंचं आ वासलेलं तोंड त्यांना न बघताही दिसलं. संध्याकाळपर्यंत हेही चर्चभर होणार होतं. होऊ दे. पापी म्हणतील. पापी म्हटलं तर निदान कुणी घशात नळी घालत नाही.

घरी कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटावरचं सगळं खाली काढलं: केसांचा ब्रश, दुखऱ्या गुडघ्याचं मलम, नवऱ्याचा फोटो. धुतलेला पांढरा रुमाल अंथरला. त्यावर डबी ठेवली, शेजारी मेणबत्ती लावली. आणि मग त्यांना बसता येईना.

खुर्चीची पाठ कपाटाकडे होती, ती फिरवली. पलंगावर टेकावं तर देवासमोर लोळण घेतल्यासारखं वाटे. गुडघ्यांवर बसल्या, गुडघे दहा मिनिटांत बोंबलायला लागले. शनिवारपर्यंत हा इथे राहणार. त्याच्या पुढ्यात साडी कशी बदलायची? रात्री घोरायचं कसं? बाईंना हसूही आलं असतं, पण हसू छातीतच अडकलं, पावासारखं. ज्याला भेटायला त्या आयुष्यभर धावत गेल्या, तो आज घरी आला होता आणि त्यांना त्याचीच धास्ती वाटत होती. त्याच्याकडे बघितलं की वाटे, तो विचारतोय: घेत का नाहीस मला?

दुपारी सून दुकानातून आली. मिक्सर लागला, टीव्ही लागला. त्यावर कुणीतरी बाई दातांच्या पेस्टवरून किंचाळत होती. बाईंनी दार उघडून फक्त डोकं बाहेर काढलं. "ते बंद कर आधी!"

"का? काय झालं?" सून आली ती खांद्यावर फडकं आणि हातात कांदा घेऊनच. तिनं मेणबत्ती पाहिली, रुमाल पाहिला, डबी पाहिली. आणि लहानपणापासून अंगात मुरलेलं काहीतरी तिला कळायच्या आत तिचे गुडघे वाकवून गेलं. कांद्यासकट ती खाली बसली.

"आई," ती कुजबुजली, "आहे का आत?"

"एक आहे."

"अहो, मग असा कपाटावर काय ठेवलाय? घ्या ना तुम्ही!"

बाईंनी डबीखालच्या रुमालाचं टोक सरळ केलं.

"घ्या ना, आई. नेहमी घेता तशी."

मेणबत्तीची ज्योत जराशी हलली. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना वाटलं, आता शब्दसुद्धा घशात अडकणार.

"उतरत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझ्या घशाखाली आता काही उतरत नाही."

सून बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर काय काय जुळत गेलं ते बाईंना तिच्या चेहऱ्यावर दिसलं: दुधातला पाव, ताटात राहिलेली भाजी, सैल झालेल्या बांगड्या. मग ते डोळे भरले. म्हणून तर बाईंनी सांगितलं नव्हतं.

"थोरल्या मावशींसारखं? तुमच्या बहिणीसारखं?" तिनं विचारलं.

"तू तिचं नाव घेऊ नकोस."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आई, देवासमोर बसलाय तुम्ही."

"उन्हाळ्यापासून," बाई म्हणाल्या.

सुनेनं कांदा जमिनीवर ठेवला आणि फोन काढला. बाई "नको, नको" म्हणेपर्यंत फादरांना लागलासुद्धा. स्पीकरवर मागे ताटवाट्यांचा आवाज येत होता, शिबिराची जेवणं चालली असावीत. सुनेनं एका दमात सगळं सांगितलं. जिना, कुलूप, डबी, कपाट. शेवटी घसा.

बाईंनी डोळे मिटले. आता ओरडणार. पवित्र भाकर कपाटावर, गुडघ्याच्या मलमाच्या जागेवर.

"मोठ्या बाई, ऐकताय?"

"हो, फादर."

"दोन रविवार तुम्ही बसून राहिलात. मी वेदीवरून पाहत होतो. मला वाटलं, माझ्यावर रागावलात. तो प्रवचनाचा वेळ वाढला ना, त्यावरून."

"त्यावरून आहेच," बाई म्हणाल्या. सवयीनं. सून हसली आणि लगेच नाक पुसायला लागली.

"डबीतल्याची काळजी सोडा. एक कण मोडा, तांदळाच्या कणीएवढा. कणात तो अख्खा असतो, हे तुम्हीच पोरांना शिकवता. चमचाभर पाण्याबरोबर घ्या. बाकीची सूनबाई घेईल."

"मी?" सून दचकली. "फादर, मी मोठ्या सणानंतर कन्फेशनला, पापं सांगायलाच आलेली नाही."

"कुणाचा खून केलास का?"

"नाही. टेबलक्लॉथ जाळला."

"मग घे. आणि मोठ्या बाई, उद्या सकाळी दवाखाना. शनिवारी नाही, उद्या. आलो की मी विचारणार आहे."

फोन बंद झाला. सून हात धुऊन आली, चमचाभर पाणी घेऊन आली. बाईंनी डबी उघडली. कितीतरी थरथरणाऱ्या हातांना त्यांनी आधार दिला होता, पण स्वतःची बोटं अशी परकी होतात हे त्यांना माहीत नव्हतं. कण मोडला. इतका लहान की बोटावर दिसेना, नुसता जाणवला.

"आमेन," म्हणाल्या आणि जिभेवर ठेवला. वर पाणी.

ते खाली गेलं आणि थांबलं. तिथेच, त्याच जागी. बाईंनी सुनेचं मनगट पकडलं. पाणी वर चढायला लागलं, छाती आखडली, नाकातून श्वास शिट्टीसारखा वाजला. सुनेनं काहीच केलं नाही. पाठ थोपटली नाही, धीर दिला नाही. नुसती मनगट देऊन बसून राहिली, तिचंही तोंड पांढरं पडलं होतं. बाईंना वाटलं, हेच. बहिणीचं असंच सुरू झालं होतं. हेच.

मग काहीतरी सैल झालं आणि कण उतरला.

बाकीची भाकर सुनेनं घेतली. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली, घाबरलेल्या मुलीसारखी. तिच्या मनगटावर बाईंच्या नखांचे लाल चंद्र उमटले होते.

सकाळी दवाखान्यात घसा बधिर करणारा फवारा मारला. तो कडू होता आणि मग कशाचीच चव राहिली नाही. डॉक्टरीण तरुण होती, केस घट्ट बांधलेले. तिनं काळी बारीक नळी हातात घेतली आणि म्हणाली, "आजी, मी सांगितलं की गिळायचं हं." बाईंना पळून जावंसं वाटलं. पाय खरंच पलंगावरून खाली सरकले होते. नर्सनं ते उचलून परत वर ठेवले, लहान मुलाचे ठेवावेत तसे.

"गिळा आता. गिळा. अजून एकदा."

नळी आत गेली, ओकारी आली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पडद्यावर काय दिसतंय ते बघायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्या डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिची नजर एका जागी येऊन थांबली. भुवयांच्या मध्ये एक बारीक घडी पडली. ती घडी बाईंनी अनेक डॉक्टरांच्या कपाळावर पाहिली होती, दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहून.

नंतर टेबलासमोर बसवलं. सून बाहेर बाकावर होती. लिफ्ट कुठेतरी अडकली होती म्हणून मुलगा अजून पोचायचा होता.

"छोटा तुकडा तपासायला घेतलाय," डॉक्टरीण म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कळेल. येताना घरचे सगळे या."

बधिर जिभेनं बाई अडखळत बोलल्या, "डॉक्टर, मी लोकांबरोबर इथे फार वेळा आलेय. चांगलं असलं की तुम्ही फोनवर सांगता. सगळे या म्हणता ते कधी, ते मला ठाऊक आहे. मला आत्ता सांगा."

डॉक्टरणीनं पेन टेबलावर ठेवलं. थोडा वेळ तिनं त्यांच्याकडे पाहिलं, खोटं बोलावं की नाही याचा अंदाज घेत असावी.

"मला ते चांगलं वाटत नाहीये," ती म्हणाली. "गाठ आहे, आणि ती वाईट असण्याचीच शक्यता जास्त. पण लहान आहे. कापून काढता येईल असं मला वाटतं. तुम्ही अजून दोन महिने घरी बसला असतात, तर मी हे म्हणाले नसते."

बाईंनी सगळं ऐकलं. "वाईट" ऐकलं, "लहान" ऐकलं, "कापून" ऐकलं. शब्द आत येऊन बसत होते आणि त्यांना जागा पुरत नव्हती. एकदा ऐकून हे सगळं आपल्या एकटीच्या अंगात घेऊन घरी जायचं, परत दुधात पाव बुडवायचा, परत दातांवर ढकलायचं. उन्हाळाभर तेच केलं होतं.

"परत सांगाल?" त्या म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं का, आजी?"

"आलं. पण एकटीला नको."

त्या उठल्या. खुर्चीची पाठ धरून दारापर्यंत गेल्या, दार उघडलं. बाकावर सून बसली होती, पर्स छातीशी धरून. दार उघडल्याबरोबर ती अशी उभी राहिली की पर्समधलं सगळं फरशीवर सांडलं, कंगवा, किल्ल्या, जपमाळ, चष्मे पुसायची फडकी.

"राहू दे ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही. "मला फार भीती वाटतेय. आत ये."